घरची औषधी बाग कशी सुरू करावी

औषधी बाग करायची ठरली की बहुतेक जण आधी नावांची यादी करायला घेतात, आणि ती बघता बघता पंचवीस-तीस झाडांवर जाते. माझा सल्ला असा की पहिल्या वर्षी चार, फार तर पाच झाडं लावा. त्यातलं प्रत्येक झाड पक्कं ओळखीचं हवं. त्याचा कुठला भाग, कशासाठी आणि किती घ्यायचा हेही लावण्याआधीच माहीत हवं. गुलाबाच्या कुंडीत काही चुकलं तर फूल येत नाही, एवढंच. इथलं पान मात्र पोटात जाणार आहे. माती कुठली, फवारणी कसली, पान नेमकं कुणाचं, हे प्रश्न म्हणूनच इथे जड आहेत.

अपेक्षाही बेताच्या ठेवा. घसा खवखवणं, साधी सर्दी, पोट फुगणं, चटका बसणं अशा किरकोळ तक्रारींवर कुंडीतलं पान उतारा देऊ शकतं. मधुमेह, रक्तदाब, दमा, यकृताचे विकार ही कामं कुंडीवर सोपवू नयेत. चालू असलेली औषधं तर कुठल्याही पानाच्या भरवशावर बंद करू नयेत.

पायरी १: ऊन मोजा

झाड आणण्याआधी जागेकडे बघा. सुट्टीच्या दिवशी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी जागेवर जाऊन थेट ऊन किती वेळ पडतं ते लिहून ठेवा. उजेड वेगळा आणि ऊन वेगळं. खोली लख्ख दिसते, म्हणून तुळशीला तेवढं पुरतं असं नाही.

सहा तासांच्या आसपास थेट ऊन असेल तर तुळस, गवती चहा, अडुळसा, गुळवेल सगळं जमेल. तीन-चार तास असेल तर पुदिना, पानओवा, ब्राह्मी यांच्यावर भर द्या. त्याहून कमी ऊन असेल तर पुदिनासुद्धा लांबट आणि फिकट होतो, पानांचा वासही उतरतो. अशा जागी झाडं वाढवणारे दिवे लावता येतात, पण ती हौस पहिल्याच वर्षी करावी असं मला वाटत नाही. ऊन ऋतूप्रमाणे सरकतं हेही लक्षात असू द्या. आज उन्हात असलेला कोपरा सहा महिन्यांनी सावलीत जाईल, म्हणून जड कुंड्यांची जागा विचार करून ठरवा.

जडपणाचा मुद्दा लोक विसरतात. १२ इंची कुंडी ओल्या मातीसकट २० ते २५ किलो सहज भरते. कठड्यावर किंवा लोंबत्या स्टँडवर तिला ठेवू नका. जमिनीलगत, भिंतीच्या कडेने ठेवलेली बरी.

जमिनीतच लावणार असाल तर जुन्या रंगवलेल्या भिंतीचा पायथा आणि वर्दळीच्या रस्त्याची कड टाळा. जुन्या रंगांत शिसं असायचं, आणि ते मातीत वर्षानुवर्षं टिकून राहतं. सांडपाण्याच्या वाटेवरची जागाही नको.

पायरी २: कुंडी आणि माती

पुदिना, ब्राह्मी आणि पानओव्याला ८ ते १० इंची, पसरट कुंडी चालते. तुळस, गवती चहा आणि कोरफडीला १२ इंची लागते. अडुळसा आणि गुळवेल यांच्यासाठी १६ ते १८ इंची कुंडी किंवा तेवढीच ग्रो बॅग घ्या. माती, सिमेंट, प्लास्टिक काहीही चालेल, फक्त तळाला भोकं हवीत. रंगाचे, तेलाचे किंवा रसायनांचे जुने डबे मात्र नकोत. धुऊन घेतले तरी नकोत.

कुंडीच्या तळाशी खडीचा थर द्यायची पद्धत सर्रास दिसते. त्याने निचरा सुधारत नाही. बारीक माती आणि जाड खडी जिथे भेटतात तिथे पाणी अडून राहतं, आणि मुळांच्या वाट्याची माती तेवढी कमी होते. भोकावर खापराचा किंवा जाळीचा तुकडा ठेवला की पुरे.

माती भरण्याचं सोपं प्रमाण असं: चार वाटे बागेची माती, तीन वाटे पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, दोन वाटे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक वाटा जाडसर वाळू. मूठभर निंबोळी पेंड मिसळली तर चांगलंच. कोरफडीसाठी हे मिश्रण अर्धं आणि वाळू किंवा बारीक खडी अर्धी घ्या. मिश्रण जमलं का ते हातानेच कळतं. थोडं ओलं करून मुठीत दाबा आणि मूठ उघडा. गोळा व्हायला हवा, आणि अंगठ्याने टोकरताच तो सुटायला हवा. टोकरूनही घट्ट राहिला तर वाळू वाढवा. गोळाच झाला नाही तर खत किंवा कोकोपीट कमी पडलंय.

शेणखत कच्चं नको. त्याची उष्णता मुळांना बाधते. शिवाय त्यातले जंतू मातीवरून पानावर येतात, आणि आपण पानं कच्चीही खातो. ज्या खताला अजून शेणाचा वास येतो ते बाजूला ठेवून आणखी काही महिने कुजू द्या.

पायरी ३: झाड नेमकं कोणतं, ते आधी ठरवा

इथे घाई करू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली औषधी वनस्पतींची लागवड आणि काढणी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यांतही लागवडीच्या भागाची सुरुवात वनस्पतीच्या ओळखीपासूनच होते. बोलीतल्या नावावर भिस्त ठेवली की फसगत ठरलेली, कारण एकाच नावाखाली दोन-दोन, तीन-तीन वनस्पती फिरत असतात.

ब्राह्मीचं उदाहरण घ्या. काही जण ब्राह्मी म्हणून देतात ती बॅकोपा मोन्निएरी. तिची पानं छोटी, जाडसर, देठ जवळजवळ नसलेली आणि समोरासमोर असतात. फूल पांढरट किंवा फिकट जांभळं. काही जण त्याच नावाने देतात ती सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी. तिचं पान गोलसर, कडा दातेरी, देठ लांब. दोन्ही जमिनीसरपट पसरतात, दोन्ही औषधी आहेत. पण वनस्पती वेगळ्या, त्यांतली द्रव्यं वेगळी आणि घ्यायची खबरदारीही वेगळी. तुळशीचंही तसंच. हिरवी आणि काळसर तुळस हे ऑसिमम टेन्युफ्लोरम या एकाच जातीचे प्रकार, पण सब्जा म्हणजे ऑसिमम बॅसिलिकम आणि रानतुळस म्हणजे ऑसिमम ग्रॅटिसिमम. वास घेतलात तरी फरक जाणवतो.

गुळवेलीच्या बाबतीत हा घोळ महागात पडू शकतो. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया ही औषधात वापरतात ती वेल. जून खोडावर कागदासारखी सुटणारी करडी साल असते. ती नखाने खरवडली की आत हिरवं दिसतं. तिचीच नातेवाईक टिनोस्पोरा क्रिस्पा हिचं पानही हृदयाच्या आकाराचं, पण खोडावर ठळक गाठी, मस्शांसारखे उंचवटे. क्रिस्पामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. गुळवेल म्हणून घेतलेल्या काढ्यांबाबतही अशा नोंदी आल्या आहेत, आणि त्यांत वेल नक्की कुठली होती यावरून वादही झाले. म्हणून नवख्यांनी गुळवेल हौसेने लावावी, पण जाणकाराने ओळख पटवून दिल्याशिवाय आणि वैद्याला विचारल्याशिवाय पोटात घेऊ नये.

रोप घेताना वनस्पतिशास्त्रीय नाव विचारा आणि ते कुंडीवरच्या चिठ्ठीत लिहा. विकणाऱ्याला सांगता आलं नाही तर रोप दुसरीकडे बघा. आणलेल्या रोपावर आधी कीटकनाशक मारलेलं असण्याची शक्यता धरूनच चाला. काही कीटकनाशकं झाडाच्या अंगात मुरतात, नुसतं धुऊन जात नाहीत. आल्यावर रोप छाटून घ्या, दीड-दोन महिने नवी फूट येऊ द्या आणि मगच पानं वापरायला काढा.

औषधी म्हणून ऐकलेलं प्रत्येक झाड घरगुती वापराचं नसतं, हे सांगायला सदाफुलीइतकं चांगलं उदाहरण नाही. तिच्यापासून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही कर्करोगावरची औषधं मिळाली. ती मोजून-मापून, शिरेतून, देखरेखीखाली देतात. तीच पानं साखर उतरवायला म्हणून रोज चावून खाण्याचा सल्ला तोंडोतोंडी फिरत असतो. त्या पानांतले घटक रक्तपेशी तयार होण्याच्या कामात अडथळा आणू शकतात. सदाफुली फुलांसाठी जरूर लावा, खाऊ नका.

पायरी ४: पहिली झाडं

पुदिना, पानओवा, गवती चहा, तुळस. या चौघांनी सुरुवात करा. जागा असेल तर पाचवी कोरफड. चारही लवकर वाढतात, रोजच्या वापरातली आहेत आणि ओळखायला सोपी आहेत.

*पानओवा* सगळ्यात सोपा. जाड, लवदार, कातरलेल्या कडांचं पान चुरगाळलं की ओव्याचा वास येतो. बोटभर लांबीची फांदी मोडा, खालची पानं काढा आणि ओल्या मातीत खोचा. आठ-पंधरा दिवसांत ती धरते. पानांत पाणी साठवणारं झाड आहे, त्यामुळे याला मारायचं तर रोज पाणी घालावं. माती वरून सुकल्यावरच घाला.

*पुदिन्या*ची काडी पाण्यात ठेवली तरी आठवड्या-दीड आठवड्यात मुळं फुटतात. त्याला स्वतंत्र कुंडी द्या. जमिनीखालून धावणारे फुटवे टाकत तो शेजाऱ्याची जागा बळकावतो, म्हणून दुसऱ्या झाडाबरोबर एका कुंडीत लावू नका. माती ओलसर आवडते, दुपारचं ऊन टाळलेलं चालतं. काड्या लांबून पानं विरळ झाली तर मातीपासून दोन बोटं ठेवून सगळा कापा. बिचकू नका, पंधरवड्यात दाट फूट येते. वर्षातून एकदा कुंडी उलटी करून मुळांचा गड्डा अर्धा कापून टाका आणि ताजी माती भरा.

*गवती चहा* बियांनी लावत बसू नका. कुणाकडून तरी मुळासकट तीन-चार काड्या मागून घ्या. पानं वीतभर ठेवून कापा, काड्या दोन इंच खोल लावा. नवी पानं भरपूर आली की, साधारण तीन-चार महिन्यांनी, पहिली कापणी करा. पानाची धार हात कापते, म्हणून कात्री वापरा आणि बाह्या लांब असू द्या. बुंध्यापासून चार इंच ठेवून कापलं की पुन्हा वाढतो. गड्डा मध्ये पोकळ आणि वाळका दिसू लागला की उपटून वेगळा करा. बाहेरच्या ताज्या काड्या ठेवा, मधल्या टाका. लिंबासारखा जो वास येतो तो मुख्यतः सिट्रल या द्रव्याचा. पान वाळवताना कडक ऊन दिलं तर तो वासच पहिल्यांदा जातो.

*तुळस* बियांपासून करण्यात मजा आहे. बी फार बारीक, म्हणून चिमूटभर बी कोरड्या वाळूत मिसळून ओल्या मातीवर भुरभुरा. वर मातीचा थर देऊ नका, तळहाताने हलकं दाबा. पाणी झारीने ओतलं तर बी एका कोपऱ्यात गोळा होतं, फवाऱ्याने द्या. हवा उबदार असेल तर एक ते दोन आठवड्यांत उगवण दिसते. बीतून पहिल्यांदा निघणारी दोन पानं सोडून, त्यांनंतरच्या खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्या की रोपं वेगळी लावा.

मग शेंडा खुडणं. रोप वीतभर झालं की वरची दोन-तीन पेरं नखांनी खुडा. खुडलेल्या जागेखालच्या दोन पानांच्या बगलेतून दोन फांद्या निघतात. त्याही चार-सहा पानांच्या झाल्या की पुन्हा खुडा. असं दोन-तीनदा केलेलं रोप झुडूप होतं. न खुडलेलं काठीसारखं वर जातं, मंजिऱ्यांनी भरतं आणि बी पिकलं की दमतं. वापरासाठी तुळस लावली असेल तर मंजिऱ्या कोवळ्या असतानाच काढत राहा, एक-दोन फांद्यांवर बियांसाठी ठेवा. दीड-दोन वर्षांत खोड लाकडी होतं आणि पानं बारीक पडतात. झाड म्हातारं व्हायच्या आत नवं रोप तयार असू द्या. कडाक्याची थंडी तिला सोसत नाही, पारा १० अंशांच्या खाली जाऊ लागला की कुंडी आत घ्या.

*कोरफड* लावायला काहीच नाही. मोठ्या झाडाच्या बुडाशी आलेलं पिल्लू मुळासकट वेगळं करा, कापलेली जागा दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्या, मग रेताड मातीत बसवा आणि पहिला आठवडाभर पाणी देऊ नका. लक्ष द्यायचं ते पान काढताना. बाहेरचं, सर्वांत जुनं, वीतभराहून लांब पान बुडाशी कापा आणि कापलेली बाजू खाली करून दहा-पंधरा मिनिटं वाटीत उभं ठेवा. पिवळट, कडू वासाचा चीक ओघळतो. तो सालीच्या लगेच आत असतो, त्यात अ‍ॅलोइन असतं आणि ते जालीम रेचक आहे. चीक निथळल्यावर पान धुवा, दोन्ही काटेरी कडा कापा, साल जाडसर उतरवा. आत राहतो तो पारदर्शक गर पुन्हा पाण्यात धुऊन घ्या. हा गर त्वचेवर, किरकोळ चटक्यावर लावायला उत्तम. पोटात घ्यायला मी सांगणार नाही. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २००२ साली कोरफडीच्या चिकापासून केलेली, चिठ्ठीशिवाय मिळणारी रेचकं बाजारातून काढायला लावली, कारण कंपन्यांनी त्यांच्या सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा दिला नव्हता. घरात कुत्रं-मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा, त्यांना कोरफड बाधते.

पायरी ५: फांदी लावून अडुळसा

पहिली चार झाडं रुळली की अडुळसा घ्या. खोकल्याच्या औषधांत त्याचं नाव जुनं आहे. कफ पातळ करणारं ब्रोमहेक्सिन हे औषधसुद्धा अडुळशातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरून बेतलेलं.

तो फांदीपासून होतो, आणि ही पद्धत एकदा हाताला आली की निर्गुडी, जास्वंद असं पुष्कळ काही करता येतं. पेन्सिलीएवढी जाड, फार कोवळी नाही आणि फार लाकडीही नाही अशी फांदी निवडा. वीतभर तुकडा घ्या, त्यावर तीन-चार डोळे, म्हणजे नवी फूट निघते त्या जागा, हव्यात. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. वरचा काप सरळ. म्हणजे कुठलं टोक वर हे नंतर चुकत नाही. वरची दोन पानं ठेवा आणि तीही अर्धी कापा, म्हणजे पाणी कमी उडतं. दोन डोळे मातीत जातील एवढी फांदी खोचा, बाजूची माती दाबा, सावलीत ठेवा.

पुढचा महिनाभर तिला हात लावायचा नाही. वर हिरवी फूट आली म्हणजे खाली मुळं आली असं नसतं. फांदीतल्या साठ्यावरही पानं फुटतात. मुळं धरली का हे बघायला फांदी ओढून बघणारे लोक नुकतीच फुटलेली मुळं तोडतात. कुंडीच्या भोकातून पांढरी मुळं डोकावली किंवा नवी पानं पूर्ण मोठी झाली की समजा, धरली. कुंडीत अडुळसा माणसाच्या कमरेएवढा ठेवावा, छाटत राहावं. गरोदरपणात अडुळसा पोटात घेऊ नये, गर्भाशय आकुंचन पावण्याचा धोका असतो.

पायरी ६: पाणी, खत, कीड

पाणी घड्याळ लावून देऊ नका. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर आज नको. कोरडं लागलं तर तळातून पाणी निथळेपर्यंत द्या. कुंडीतली बहुतेक झाडं तहानेने नाही, जास्त पाण्याने जातात, आणि कुजणाऱ्या मुळांचं झाडही तहानलेल्यासारखंच माना टाकतं. ते बघून माणूस आणखी पाणी घालतो. म्हणून आधी बोट, मग झारी. बुंध्याशी द्या, पानांवर नको.

खत हात राखून. दीड-दोन महिन्यांनी मूठभर गांडूळखत पुरे. नत्र फार झालं की पानं मोठी आणि हिरवीगार होतात, पण वासाला फिकी लागतात, आणि आपल्याला हवा असतो तो वासच.

तुळशीवर आणि अडुळशावर पिठ्या ढेकूण, मावा, पांढरी माशी येतात. पानाची मागची बाजू आठवड्यातून एकदा उलटून बघा. कीड थोडी असेल तर ती फांदीच छाटा, बाकीच्यावर पाण्याची जोरदार धार मारा. नाही हटली तर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि त्यात मिसळण्यापुरता पातळ साबण घेऊन संध्याकाळी फवारा. उन्हात फवारलं तर पानं करपतात. त्यानंतर आठवडाभर त्या झाडाची पानं वापरू नका. रासायनिक कीटकनाशक या कुंड्यांच्या जवळही नको. एखादं झाड त्याशिवाय वाचणारच नसेल तर उपटून टाका, नवी फांदी लावा.

पायरी ७: पानं कधी काढायची, कशी वाळवायची

सुगंधी पानांत तेलाचा अंश साधारणपणे फुलं येण्याच्या तोंडावर जास्त असतो. सकाळी दव उडाल्यावर आणि ऊन तापायच्या आत काढा. एका वेळी झाडाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग काढू नका. किडलेली, डागाळलेली, पिवळी पानं औषधाला नकोत.

पानं धुवा, कापडावर टिपून घ्या आणि वारा खेळणाऱ्या सावलीत एकच थर पसरा. पान कोरडं वाटलं म्हणून भरून ठेवायची घाई नको. पान बोटांत चुरलं की कुरकुर आवाज यायला हवा, देठ वाकण्याऐवजी तुटायला हवा. मग काचेच्या बरणीत भरा आणि दुसऱ्या दिवशी बरणीची आतली बाजू बघा. कुठे दमट धुकं दिसलं तर सगळी पानं बाहेर काढून पुन्हा वाळवा. बुरशी लागलेली बरणी निवडत बसू नका, फेकून द्या. १०० ग्रॅम पुदिन्यातून वाळल्यावर २० ग्रॅमच्या आतच हाती लागतं, हे बघून निराश होऊ नका.

पानं अख्खी साठवा, वापरतानाच चुरा. बरणी अंधारात ठेवा. वर झाडाचं नाव, भाग आणि तारीख लिहा. वाळलेली पानं एकमेकांसारखी दिसतात, आणि तीन महिन्यांनी कुठली काय होती ते आठवत नाही. वर्ष उलटलं की उरलेलं कुंडीच्या खतात घाला.

पायरी ८: वापरताना

सुगंधी, नाजूक पानं उकळू नका. उकळलेलं पाणी पानांवर ओता, झाकण ठेवा आणि आठ-दहा मिनिटांनी गाळा. याला फांट म्हणतात. झाकण हवंच. ते उचललं की आतून जे थेंब ओघळतात, त्यांत वाफेबरोबर निघालेलं सुगंधी तेल असतं, ते परत कपात पडू द्या. कपभर पाण्याला एक चमचा वाळलेली पानं किंवा त्याच्या तिप्पट ताजी घ्या. मुळं, साल, सुकलेले कंद यांना काढा लागतो, म्हणजे मंद आचेवर उकळून पाणी आटवणं.

नवं पान पहिल्यांदा घेताना थोडंच घ्या, एका वेळी एकच घ्या आणि एक दिवस वाट बघा. पाच पानं एकत्र उकळली आणि अंगावर पुरळ उठलं, तर दोषी कोण ते कळणार नाही. लावण्याचं असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघा.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, लहान मुलं, यकृत किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले, आणि रक्त पातळ करणाऱ्या, साखरेच्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असलेले यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नियमित काही घेऊ नये. तुळस आणि हळद जास्त प्रमाणात घेतल्यास रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो. शस्त्रक्रिया ठरली असेल तर निदान दोन आठवडे आधी अशा गोष्टी थांबवा, आणि काय घेत होता ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ पुदिन्याचा अर्क किंवा मेंथॉल लावू नका, श्वास अडखळू शकतो. ताप हटत नसेल, खोकला दोन-तीन आठवड्यांवर गेला असेल, थुंकीत रक्त दिसलं किंवा धाप लागत असेल, तर फांट बाजूला ठेवून दवाखान्यात जायचं.

दुसऱ्या वर्षी

वर्षभराने चिठ्ठ्या आणि बरण्या बघा. ज्या झाडाची पानं एकदाही काढली नाहीत ते कुणाला तरी देऊन टाका, त्याची कुंडी मोकळी होईल. मग कंदांकडे वळा. आलं आणि हळद पसरट कुंडीत सहज होतात. एक-दोन ठळक डोळे असलेला तुकडा हवा उबदार झाल्यावर दोन इंच खोल लावायचा, आठ-नऊ महिन्यांनी पानं पिवळी पडून वाळली की कंद काढायचे. चांगले दोन-तीन पुढच्या लागवडीसाठी वाळूत ठेवायचे. शतावरीला १८ इंची कुंडी, चढायला काठी आणि तुमच्याकडून सबुरी लागते, कारण मुळं काढण्याजोगी व्हायला दीड-दोन वर्षं जातात. काटेरी आहे, येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवू नका.